कोरडी चादर

सून: चादर आजही कोरडी आहे, आई.

सासूबाई: मग बरंच की. तेवढंच तुझं धुणं वाचलं.

सून: सकाळपासून एकदाही लघवी लागली नाही तुम्हाला? कामावर जाताना तांब्या भरून ठेवला होता, तो रिकामा आहे. पाणी गेलं कुठे?

सासूबाई: म्हातारीचं शरीर. मुरलं असेल आतल्या आत.

सून: ओठांची सालं निघालीत तुमच्या. आणि या खिडकीतल्या कुंडीत नुसता चिखल झालाय.

सासूबाई: झाडाला पाणी कोणी घालायचं मग? तुला वेळ असतो होय? माझा हात पोचतो तिथवर. पाय गेल्यापासून तेवढंच जमतं.

सून: माझ्याकडे बघून सांगा. का ओतलंत?

सासूबाई: प्यायलं की लागते. लागली की तू मला उचलतेस. आणि मला संडासच्या खुर्चीवर बसवलंस की भिंत धरून उभी राहतेस, पायाला पाय घट्ट लावून. तुला वाटतं, म्हातारीला दिसत नाही.

सून: कंबर भरते माझी.

सासूबाई: कंबर भरली की हात कमरेवर जातो. तू ओटीपोटाखाली दाबून धरतेस. अंग बाहेर येतंय तुझं.

सून: हळू बोला ना.

सासूबाई: ऐकायला आहे कोण घरात? माझा लेक गाडी घेऊन गेलाय कुठल्या कुठे, पोरी शिकवणीला. कधीपासून येतंय?

सून: धाकटीच्या बाळंतपणानंतर खाली जड जड वाटायचं. तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हापासून हाताला लागतं. दिवसभर पाकिटं भरायला उभी राहिले की संध्याकाळी अंड्याएवढं होतं. आडवी झाले की जातं आत.

सासूबाई: माझंही यायचं. कापडाची घडी लावून वरून कसून बांधायचे आणि लागायचे कामाला. तुझे सासरे गेले, पण त्यांना कधी पत्ता लागला नाही. बाईच्या जातीला हे असायचंच, असं वाटायचं मला.

सून: मलाही तसंच वाटलं. मग लघवी अडायला लागली, तेव्हा गेले दवाखान्यात.

सासूबाई: एकटीच?

सून: एकटीच. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, गर्भपिशवीला खालून धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत. लघवी रोखतो तसं आत ओढून धरायचा व्यायाम सांगितला. पिशवी वर राहावी म्हणून रबराची रिंग बसवली.

सासूबाई: मग?

सून: परवा तुम्हाला उचललं आणि निसटून पडली. आधीची लहान होती, तीही अशीच पडली. ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी होती.

सासूबाई: ऑपरेशन नाही का होत?

सून: होतं. टाके घालून वर बांधतात. पण नंतर कित्येक महिने जड उचलायचं नाही, पुढेही जपायचं. उचललं तर पुन्हा खाली येते.

सासूबाई: आणि जड म्हणजे मी.

सून: मी असं म्हटलं नाही.

सासूबाई: तू कशाला म्हणशील. लेकीकडे पाठव मला.

सून: विचारलं ताईंना. रडल्या फोनवर. त्यांचीच पाठ आखडलेली, वर ते जिने.

सासूबाई: मग एखादी बाई ठेव.

सून: ठेवली होती की. तुम्ही तिला पलंगावरून भांडी घासायला शिकवायला निघालात, ती पळाली.

सासूबाई: येतच नव्हती तिला.

सून: दुसरीनं तुम्हाला एकदा उचललं आणि म्हणाली, हे एकटीच्यानं व्हायचं नाही. यांना म्हटलं, कंबर दुखतेय, थोडे दिवस घरी राहा. म्हणाले, सुट्टी घेतली तर मालक गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला देतील.

सासूबाई: खरं काय ते सांगायचंस त्याला.

सून: कोणत्या शब्दांत सांगू? तुम्हाला जमलं होतं?

सासूबाई: नाही. डायपर बांध मला. राहीन पडून.

सून: तसंच केलं तेव्हा पाठीला जखमा झाल्या. उठवून बसवत राहिलं नाही तर त्या हाडापर्यंत जातील म्हणाली नर्स.

सासूबाई: म्हणजे काहीच उरलं नाही.

सून: मला भीती वाटते, आई. रोज तुम्हाला उचलताना वाटतं, आज सगळंच बाहेर पडणार.

सासूबाई: म्हणून तर ओततेय गं. तुझ्यासाठी मला दुसरं काय करता येतं? दोघीही सुटू.

सून: सुटणार कसल्या. तुम्हाला काही झालं तर दवाखान्यात न्यायलाही मीच उचलणार. हा घ्या, तांब्या भरून आणलाय. माझ्यासमोर प्यायचं.

सासूबाई: तू किती प्यायलीस आज?

सून: माझं राहू द्या.

सासूबाई: आरशात बघ ओठ. माझ्याहून वाईट झालेत.

सून: नुसतं खोकलं तरी गळतं. कामावर चारचौघींत भिजले तर तोंड कुठे लपवू?

सासूबाई: आण तो तांब्या. एक घोट तू, एक मी. आधी तू.

(दोघी आळीपाळीनं पितात. तांब्या रिकामा होतो. बराच वेळ जातो.)

सासूबाई: लागली बघ. म्हटलं नव्हतं तुला?

सून: हात टाका गळ्यात.

सासूबाई: थांब. ते आत ओढून धरायचं सांगितलंय ना डॉक्टरीणबाईंनी? धरलंस?

सून: धरलं.

सासूबाई: आता श्वास सोडत उचल. माझा सगळा भार घेऊ नकोस, मी खिडकी धरते.

सून: खिडकी सोडा आई, नाहीतर दोघी पडू.

सासूबाई: सोडली. हं. झालं, टेकले मी. आलं का बाहेर?

सून: तुम्ही नीट बसा आधी.