एकोणीस तासांचा प्रवास

…हळू, पाना जमिनीवर आपटू नका, पलीकडच्या खोलीत मुलगा झोपलाय माझा. काल संध्याकाळी आला परदेशातून. एकोणीस तासांचा प्रवास, मधे उतरून दुसरं विमान पकडायचं – म्हणजे तो म्हणतो तसं. तुम्ही बघा तो पाईप, कोपऱ्यातून ठिबकतोय. मी आपली बोलते, तुम्ही नका लक्ष देऊ.

पण मला सांगा – तुमच्याकडे आलंय का कधी कोणी इतक्या लांबून? नाही ना, मग तुम्हाला काय कळणार. मागच्या वेळी आला तेव्हा पाय हे असे सुजलेले, बसून बसून. वडिलांच्या चपला घालायला गेला तर पाऊल शिरेना. त्यांच्या चपला मी दाराशीच ठेवल्यात, ते गेल्यापासून – एकट्या बाईच्या दारात असलेल्या बऱ्या – असो. काल त्याच चपला घालून फटफट करत गेला मागे, टॉवेल वाळत घालायला. अलगद शिरले पाय. आणि झोप? मागच्या वेळी आठवडाभर रात्री टक्क जागा, आपली रात्र तो तिकडचा दिवस ना – इथेच, तुम्ही बसलाय तिथे, डबे उघडून बघायचा, मग मी उठून काहीतरी गरम करून द्यायची. काल जेवला आणि घोरायला लागला. मी दोनदा दाराला कान लावून आले.

आणि बसथांबा. गेल्या महिन्यात पोस्टाच्या मागे नेला ना थांबा, ते मी फोनवर सांगायला विसरले. म्हटलं, पोरगं सामान घेऊन चुकणार. तर हा नव्या थांब्यावरून सरळ मागच्या फाटकातून आत. कसं सापडलं रे? म्हणे, विचारलं एकाला. कोणाला? तर आंघोळीला गेला.

वायसर नवीन लावताय ना? दाखवा बघू. हं. नाही, तसं नाही, आपलं बघून घेतलेलं बरं.

तो आधीच आलाय हो. महिना झाला असेल, दोन झाले असतील. नोकरी गेली असणार, दुसरं काय – पडून राहिला असेल कुठल्या मित्राकडे, आणि मला फोनवर सांगतो, आज इकडे फार थंडी आहे. आईला थंडी सांगतो. राग आला मला, खरंच आला. पण काल विचारलं, परत कधी जायचंय, आणि तो म्हणे, आमटी वाढ अजून, तेव्हा – तुम्हाला म्हणून सांगते – बरं वाटलं मला. पोराचं एवढं नुकसान झालं आणि आई मनातून खूश, आता जात नाही म्हणून. लाज वाटते सांगायला. पण मला कळलंय हे त्याला कळलं ना, तर एक दिवस नाही राहायचा, बॅग उचलून चालायला लागेल. बापासारखाच आहे, मान खाली घालून बसणारा नाही. म्हणून तर म्हणते, तुम्ही कुठे बोलू –

उठलास? अरे, झोपायचं अजून, एकोणीस तास म्हणजे काय थोडे झाले. बघू पाय. बघ, केवढे सुजलेत. बस इथे, गरम पाणी करते पाय बुडवायला – अहो, तुमचं झालं असेल तर पाणी सोडा आणि निघा आता. जाताना दार ओढून घ्या.