एक्केचाळिसावी प्रत

—नाही हो सर, बिघडलं नाही, तापलंय फक्त. दोन मिनिटं दम खाऊ द्या त्याला. बसा ना — त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो, ही खुर्ची घ्या. शाळेतलं झेरॉक्सचं मशीन नेमकं आजच बंद पडावं आणि तुम्ही उद्याचा पेपर घेऊन माझ्याच दारात यावं, म्हणजे बघा — छे, मी वाचत नाही काही! मघापासून भिंतीकडे तोंड करून उभी आहे ती उगाच का? लोक इथे काय काय आणतात, मृत्युपत्रं आणतात, दवाखान्याचे रिपोर्ट आणतात. कागद काचेवर पालथा घालायचा, बटण दाबायचं, नजर भिंतीवर. सोळा वर्षं हेच. एक्केचाळीस प्रती म्हणालात ना? चाळीस मुलं आणि एक — हो, बाहेरून बसणारं असेल कुणीतरी. असतात असे लोक.

एक विचारू? हसू नका हं. कुठल्याही संख्येचा घात शून्य असला की उत्तर एक, हे पोरांना पटवता कसं? मला नव्हतं पटलं. शून्य म्हणजे काहीच नाही, मग उत्तरही शून्यच यायला हवं की नको? मग एकदा इथेच एका गिऱ्हाइकाला नकाशा लहान करून हवा होता. निम्मा केला, त्या प्रतीचा पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा — तीनदा दाबलं, लांबी उरली आठवा हिस्सा. अजून दोनदा दाबलं असतं तर? तीन नि दोन, पाच वेळा, आणि आठव्याचाही चौथा, बत्तिसावा हिस्सा. म्हणजे दाबण्याची बेरीज आणि तिकडे कागदाचा गुणाकार! आणि एकदाही दाबलंच नाही तर? हातात काय उरतं? मूळ नकाशा, अख्खा. एक! मी टाळीच वाजवली सर, गिऱ्हाईक दचकलं. आणि लॉग तरी दुसरं काय विचारतो — ही एवढीशी प्रत बघ आणि सांग, बटण किती वेळा दाबलं होतं? एवढंच की. आम्ही उगाच त्याचा बागुलबुवा करून ठेवला.

—कशाला म्हणजे? असंच. वेळ जातो. या वयात लॉग कशाला, असं आमचे भाऊजी म्हणतात, दुकान त्यांचंच आहे ना — म्हणजे म्हणतील, त्यांना कुठे माहीत आहे अजून! लेकीला माहीत आहे. तीच घोकून घेते, मी भांडी घासत असताना. "आई, लॉगच्या बाहेर बेरीज तर आत काय?" "गुणाकार गं बाई, गुणाकार!" पूर्वी मी आतही बेरीजच करायचे. दोन नि पाच दिसले की सात लिहून मोकळी. गेल्या वेळी त्यातच गटांगळी खाल्ली, तीन गुण कमी पडले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी आहे, शाळा पास झाल्याचा दाखला लागतो, आणि पुढच्या वर्षी वय बसत नाही — काय सांगत होते मी? हां, निवलं बघा मशीन. ही पहिली. ही दुसरी — अगं बाई, ही खाली घसरली, थांबा, उचलते — एक! दोनचा लॉग अधिक पाचचा लॉग, आत गुणाकार, दहा, दहाचा लॉग एक! आलं हो सर! बोटांवर मोजावंसुद्धा लागलं नाही, बघितलं आणि —

असं बघू नका माझ्याकडे.

हो. एक्केचाळिसावी मीच. आल्या आल्या सांगायला हवं होतं, तुम्ही दुसरीकडे गेला असता. गिऱ्हाईक जाईल म्हणून — नाही, खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकाचं काही नाही. पेपर एकदा हातात धरून बघायचा होता. पालथा का होईना. फार भीती वाटते हो त्याची.

तिसरा प्रश्न होता तो. बाकीचे नाही दिसले, लेकीची शपथ. तो बदला. राहू दे कसं म्हणता? चार गुणांचा आहे, चार गुण म्हणजे काय ते मला विचारा! पण उद्या तोच सोडवून पास झाले, तर मला गणित येतं की नुसतं मशीन चालवता येतं, हे मला तरी कधी कळायचं?

हा घ्या तुमचा मूळ कागद. या दोन प्रती तुमच्यासमोर फाडते. कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाशेजारी दुसरं मशीन आहे, तिथे काढा. पैसे कसले? ठेवा ते. उठा सर, बंद होईल ते. आणि नवा प्रश्न जरा अवघडच घाला — नाही, फार नको. जा. जा हो आता.