माप दुसऱ्याच ओळीत राहील

सन्माननीय अध्यक्ष दत्तरावसाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती कोकिळाताई, आणि झरी, सोनपेठ, पाथरीहून कामं टाकून आलेले माझे सहकारी व शेतकरी माता-बंधूंनो,

आपल्या धान्य संघाच्या कॉम्प्युटरवरून कोकिळाताई उद्या बारदान्याच्या गोदामात चालल्या आहेत. आदेशात 'प्रशासकीय सोय' असं लिहिलंय. कुणाची सोय, हे मी विचारणार नाही. शाल-नारळाच्या प्रसंगी असं विचारू नये म्हणतात.

पण कारण तरी सभेला कळायला नको का?

संघानं प्रत्येक शाखेचा कॉम्प्युटर वेगळ्या दुकानदाराकडून घेतला. का घेतला, तेही विचारत नाही. पडद्यावर कामांची जी यादी येते, तो मेनू, प्रत्येकानं आपल्या मर्जीनं लावला. पाथरीला चार दाबलं की पावती निघायची. सोनपेठला तेच दाबलं की दिवसभराची मापं पुसली जायची! मागच्या तुरीच्या हंगामात ताई पाथरीहून सोनपेठला एका ऑपरेटरच्या सुट्टीत त्याच्या जागी गेल्या. बोटांना पाथरीची सवय. दाबलं चार. समोर धुरपताबाई पावतीसाठी उभ्या, आणि त्यांची तूर गोदामातल्या ढिगात मिसळून गेलेली.

मावशी म्हणाल्या, "बाई, माझी तूर तर तुमच्या ढिगात हाय. मग मी काय रिकाम्या हातानं घरी जाऊ व्हय?"

मावशी, आज तुम्ही समोरच बसला आहात. काट्याजवळच्या खडूच्या खुणांवरून माप जुळलं म्हणून निभावलं. नाहीतर तुमची वर्षाची मेहनत कुठं शोधली असती आम्ही?

त्यानंतर एका रविवारी आम्ही सारे ऑपरेटर झरीला बसलो. मेनू एकच हवा, यावर सगळ्यांचं एकमत. फक्त तो आपापला हवा! पाथरीच्या मेनूसाठी टेबल बडवण्यात मीच पुढं होतो. ताई म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, पाथरीचं ऱ्हाऊ द्या बाजूला, अन् सोनपेठचंबी. शेतकरी फाटकातून आत आल्यावर पयलं काय करतो, मग काय करतो, तसंच लिहू."

पहिल्या ओळीत आवक, दुसऱ्या ओळीत माप, मग धान्याची प्रत, मग पावती. पुसायचं काम पार तळाशी, तेही दोनदा विचारून. आतला प्रोग्राम कोणत्याही दुकानदाराचा असो, वरची यादी सगळीकडं सारखी. या हंगामात एकही माप पुसलं गेलं नाही, साहेब. त्याबद्दल ताईंवर 'विनापरवानगी फेरफार' असा ठपका! मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

आता जुने मेनू सोमवारपर्यंत परत बसवा, असं परिपत्रक आलंय. भर सभेत सांगतो, आम्ही बसवणार नाही. पाथरीचा फेरफार मी माझ्या हातानं केलाय. गोदामात माणसं कमी पडत असतील तर माझंही नाव घाला. आणि मागं हे जे ऑपरेटर उभे राहिलेत, त्यांचीही घाला.

बसा रे, साहेबांनी पाहिलंय.

ताई, तुमच्याकडून लय शिकलो. संयोजकांचे, मांडववाल्यांचे आणि एवढं ऐकून घेणाऱ्या साहेबांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. मेनूबद्दल मात्र मी माफी मागत नाही.