यू आर कमिंग नाऊ?

...आणि वर मलाच म्हणतात, तुमचं फार बारीक लक्ष असतं! अहो, तुम्हाला सांगतो, नळांच्या कारखान्यात गोडाऊन सांभाळण्यात हयात गेली माझी. साहेब आले की उठायचं, "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचं, साहेबांनी मान हलवली की दोघंही मोकळे... सरळ काम! गोडाऊन इनचार्ज रिटायर होणार, खुर्ची मला मिळणार, हे भिंतींनासुद्धा माहीत. तेवढ्यात साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी या नव्या मॅडम आल्या. बोलणं सगळं इंग्रजीत, वयानं माझ्या पोरीएवढ्या. मी ताडकन उठून शाळेतल्या सुरात "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटलं, तर हसून म्हणतात, एवढं फॉर्मल नको, आपण सगळे एका घरातलेच!

घरी पोरगी म्हणाली, बाबा, नुसतं हाय म्हणा. नुसतं हाय? पुढे काहीच नाही? आल्या माणसाला फक्त आवाज करून दाखवायचा? मी म्हटलं, घरातलेच ना, मग आपुलकीनं बोलू. आणि आपण आपुलकीनं काय विचारतो? समोर दिसतं तेच! पिशवी दिसली की "काय, बाजारात?", केस ओले दिसले की "झाली का अंघोळ?"... उत्तर कोणाला हवंय, माणसाची दखल घेतली, बस्स. तेच केलं, इंग्रजीत. मॅडम उशिरा आल्या, मी हसून म्हटलं, "मॅडम, यू आर कमिंग नाऊ?" चेहरा पडला. दुपारी डबा उघडला, "यू आर ईटिंग?" डबा मिटला. संध्याकाळी पर्स घेऊन जिन्यात भेटल्या, "यू आर गोइंग?" तर बाई उलट्या पावली केबिनमध्ये जाऊन बसल्या! आता यात माझं काय चुकलं, सांगा!

दुसऱ्या दिवशी मॅडम सगळ्यांच्या आधी हजर. मला बरं वाटलं, म्हटलं, "सो अर्ली?" तर माझ्याकडे न बघता आत. आणि आमच्या पॅकिंगमधला तो मख्ख्या! मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, "हाय" म्हणतो, त्या "हाय" म्हणतात, संपलं. खुर्ची त्याला मिळाली. वाईट वाटलं हो... त्या खुर्चीची फाटकी गादी मी मनातल्या मनात बदलूनसुद्धा ठेवली होती. बायको म्हणते, तुम्हाला गप्प बसायला काय होतं? पण यात माझं काय चुकलं, सांगा!

मग मला बोलावलं. म्हणाल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांवर तुमचं इतकं बारीक लक्ष असतं, तर तुम्ही गेटवरच बसा. आता दिवसभर स्टुलावर... आलात? निघालात? कुठे? त्याचाच पगार! आणि एकही माणूस तोंड उघडत नाही, जो तो कार्ड दाखवतो नि पुढे जातो.

काल मात्र मॅडमची गाडी थांबली. उशीर झाला होता. मी काही विचारायच्या आतच काच खाली झाली, आणि मान खाली घालून म्हणाल्या, "आय ॲम कमिंग नाऊ."

काय करणार... वेळ लिहून घेतली.