पाणथळ रान

आकाराम : चपला बाहेर, आत हा गारठा! कंपुटर हाय का देव, मीनाक्षी?

मीनाक्षी : धूळ चालत नाही त्याला, काका. बसा.

आकाराम : आन् वहिनी, तुमी कशाला आलासा शिरोळासनं कोल्हापुरात?

बयाबाई : लेकीचं कॉलेज हाय. तुमी येणार म्हणून कळलं, म्हटलं बघावं तोंड.

आकाराम : मी सरळ बोलतो. पाटाच्या पाण्यावरनं डोकी फुटाय लागली, म्हणून पाळ्या लावायचं काम पाणी संस्थेनं तुझ्या कॉलेजातल्या ह्या यंत्राला दिलं. पहिला हात मीच वर केला. आन् त्यानं मलाच सगळ्यांच्या मागनं चिमूटभर पाणी दिलं! ऊस करपाय लागलाय माझा. चूक दुरुस्त कर.

मीनाक्षी : चूक नाही. कुणाचं रान कसलं, ते संस्थेच्या वहीतून त्याला सांगावं लागतं. तुमचं पाणथळ लिहिलंय. पाणथळ रानाला पाणी कमी, तेही शेवटी.

आकाराम : माझं रान पाणथळ? अगं, ढेकूळ फुटंना तिथं!

बयाबाई : असं कसं, भावजी? पाट खणताना तुमीच म्हणलासा की. माझं रान पाणथळ, पाट टिकायचा न्हाई. वाडीच्या पादुकांची शपथ घेतलासा सगळ्यांम्होरं. मग पाटासाठी आमचं रान मधोमध चिरलं. मालक अंथरुणाला खिळलेले, त्यास्नी कुणी इचारलंबी न्हाई.

आकाराम : जुनं झालं ते.

बयाबाई : आन् त्याच पाटाचं आमचं दार तुमी दगडं घालून बुजवलासा. पाणी आमच्याच रानातनं तुमच्याकडं जायाचं आन् आमचा ऊस उभा वाळायचा. ते बघत बघत गेला तुमचा भाऊ.

(आकाराम खुर्ची मीनाक्षीकडे वळवतो.)

आकाराम : पोरी, तू शिकलेली. रान कोरडं हाय ते ठावं हाय तुला. बदल की तेवढं.

मीनाक्षी : ठाऊक आहे. पण तुमच्यासाठी गुपचूप बदललं, तर उद्या सगळा गाव इथं रांग लावेल. सभेत सांगा. ठराव झाला की लगेच बदलते.

आकाराम : सभेत काय सांगू?

बयाबाई : खरं.

आकाराम : आन् पाट?

मीनाक्षी : रान कोरडं ठरलं, तर पाट तुमच्या रानातनं सरळ जातो. मी नकाशा काढून बघितलाय.

आकाराम : म्हंजी मायलेकींनी डूख धरलाय!

बयाबाई : व्हय. धरलाय.

आकाराम : ...सभा कधी हाय?

बयाबाई : रविवारी, देवळात. मी म्होरंच बसणार हाय, भावजी. जरा मोठ्यानं बोला.