मोरीमागचं पाणी

प्रज्ञा : थांब, परत चालू करू नकोस. आधी सांग, काय काय केलंस.

तुषार : काल जुनं ग्राफिक्स कार्ड काढलं, नवं बसवलं, स्क्रू पिळला. चालू केलं तर स्क्रीनवर आडव्या लाटा. दोन मिनिटांत सगळं हँग.

प्रज्ञा : आणि झटका?

तुषार : तो आईला बसला. सकाळी, फडकं मारताना.

आई : कोपरापातूर मुंग्या आल्या. मी तुमच्या छगनमामाला फोन केलाय. पाचला टेम्पो घिऊन येतोय. राहुरीला त्याच्या टायपिंग क्लासात जाऊ दे ते धूड.

तुषार : ताई, तू तरी सांग तिला. आप्पांनी आणि मी एकेक भाग आणून जोडलंय हे. वर्ष लागलं.

प्रज्ञा : साडेतीन झालेत. भांडण नंतर. कार्ड कधीचं आहे हे?

तुषार : आप्पांनी जानेवारीत पुण्याला सांगून ठेवलं होतं. पार्सल आलं ते आप्पा गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी. मी खोकंच उघडलं नाही. तीन महिने कॉम्प्युटरही लावला नव्हता.

आई : उघडायलाच नको हुतं.

प्रज्ञा : खोडरबर दे. कार्डाचे हे सोनेरी दात पुसून बघू.

तुषार : तीनदा पुसलेत.

प्रज्ञा : मग काढ ते. जुनं बसव. आधी प्लग.

(तुषार कार्ड बदलतो. पंखा फिरू लागतो.)

तुषार : लाटा आहेतच. म्हणजे कार्ड चांगलंय.

प्रज्ञा : म्हणजे दोष कार्डात नाही, एवढंच. आप्पांचा टेस्टर आण. कॅबिनेटच्या पत्र्याला लाव.

तुषार : पेटतोय.

आई : ऐकलंस? एमआयडीसीत वीस वर्सं वायरमन हुता मानूस, आन् त्याच्याच घरात पत्र्याला करंट.

तुषार : आई, तुझा राग करंटवर नाहीये.

आई : मग कशावर हाय? बोल की.

प्रज्ञा : तुषार, राहू दे.

तुषार : का राहू दे? फेब्रुवारीपासून कुणी बोलत नाही. त्या दिवशी माझ्या कानात हेडफोन होता. ती हाका मारत होती आणि मी गेममधली गाडी पळवत होतो.

आई : चार हाका. ते खुर्चीवरनं घसरले. मला एकटीला उचलंनात.

तुषार : डॉक्टर म्हणाले ना, दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी…

आई : डाक्टर काय म्हनले ते मलाबी ठावं हाय.

प्रज्ञा : आई, टेम्पो येईपर्यंत मला बघू दे. मामाच्या क्लासातल्या एखाद्या मुलीला झटका बसला तर? दोष सापडल्याशिवाय हे कुठंच जाणार नाही.

आई : बघ. पायात चप्पल घाल.

प्रज्ञा : तो होल्डरचा बल्ब दे, दोन वायरींचा. एक फेजला, एक अर्थिंगला. तू लांब हो.

तुषार : तुला येतं?

प्रज्ञा : तुला शिकवायच्या आधी त्यांनी मला शिकवलं होतं. बल्ब कसा दिसतोय?

तुषार : नुसता लालसर.

प्रज्ञा : लख्ख पेटायला हवा. अर्थिंग गेलंय. ही वायर जाते कुठं?

तुषार : मोरीमागं. आप्पांनी तिथं पाइप पुरलाय, मीठ-कोळसा घालून.

आई : मोरीमागं? तिथंच ते बादली वतायचे.

प्रज्ञा : कसली बादली?

आई : पान्याची. दर रविवारी. उन्हाळ्यात दोन. मी म्हनायची, झाड न्हाई, झुडूप न्हाई, पानी कुनाला घालताय? तर नुसते हसायचे.

प्रज्ञा : ते गेल्यावर कुणी घातलं?

आई : कोन घालनार?

तुषार : मला वाटायचं, उरलेलं पाणी फेकतात.

प्रज्ञा : कोरड्या मातीत करंट उतरत नाही. आता मे चालू आहे. जा, बादली भर. मीठ लागेल.

आई : मीठ मी आनते.

तुषार : ताई, ही चौथी बादली. जमीन नुसती पितेय.

प्रज्ञा : ओत. आई, मीठ कडेनं टाक, पाइपाजवळ. आता आत चला. टेस्टर लाव.

तुषार : नाही पेटत.

प्रज्ञा : बल्बही लख्ख आहे. प्लग काढ आणि नवं कार्ड बसव.

तुषार : स्क्रू ढिला ठेवू का? परत काढायचं असेल तर…

प्रज्ञा : घट्ट पिळ.

तुषार : चालू करतो. लाटा नाहीत. (थोड्या वेळानं) पाच मिनिटं झाली, हँग नाही. ताई, रस्त्याकडेचं गवत बघ, पातं न् पातं दिसतंय. आधी तिथं नुसता हिरवा पट्टा होता. आप्पा म्हणायचे, नवं कार्ड आलं की गवत दिसेल.

प्रज्ञा : टेम्पो आला वाटतं, आई.

आई : छगनला बसायला सांग. चहा टाकते. टेम्पो रिकामाच जाऊ दे.

तुषार : आई…

आई : रविवारची बादली तुझ्याकडं. आन् खेळायचं ते खेळ. फकस्त कानात ते घालू नगंस.