कुंदाच्या बागेतली पहिली फळं

मंडळी, आज एक प्रश्न विचारते. पोरक्या लेकराच्या मालमत्तेतून त्याच लेकराला जेवू घातलं, तर त्यात पाप कसलं? — माना इतक्यात हलवू नका. आधी ऐका.

समुद्राकाठच्या एका गावात कुंदा नावाची पोर. आईबाप गेले तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं. शिवरामकाकानं तिला घरी आणली. बापाची आंब्याची बाग तिच्या नावावर होती. काका बाग राखायचा, आंबे विकायचा. त्यातूनच तिची फी, कपडे, जेवण. स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही. फक्त बाग तिची आहे, हे पोरीला सांगितलं नाही.

काकू म्हणायची, "सांगून टाका की."

"मालकी कळली की पोर डोक्यावर बसेल," काका म्हणायचा.

डोक्यावर? अहो, ती पाटावरसुद्धा सगळ्यांच्या शेवटी बसायची! काकू विचारायची, "भात वाढू गं अजून?"

"नको काकू, पोट भरलं."

वाढत्या वयाची पोर. एवढ्याशा भातानं पोट भरतं का, तुम्हीच सांगा! पण उपकाराचा घास दुसऱ्यांदा मागवत नाही. भरल्या घरात तिच्याइतकं एकटं कुणी नव्हतं.

त्या गावची एक रीत होती — हंगामाची पहिली फळं देवळात ठेवायची, आणि बाग ज्याची, त्याच्या नावानं गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. दरवर्षी काका एकटाच जायचा. देवापुढं खोटं नाव सांगायची त्याची छाती नव्हती. गावकऱ्यांना वाटायचं, पोरीला ठाऊक असेलच.

एका वर्षी काकाची कंबर धरली. टोपली कुंदानं उचलली, काका काठी टेकत मागून. काका देवळात पोचेपर्यंत गुरवानं सुरुवात केलीसुद्धा —

"बा म्हाराजा, कुंदाच्या बागेतली पयली फळां तुझ्या पायाशी ठेवतंव. तिका सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!" गावकरी म्हणाले.

परतीच्या वाटेवर कुंदानं विचारलं, "काका, बाग माझी आहे?"

"तुझीच. सगळं तुझ्यावरच खर्च केलं गं. देव साक्षी आहे."

"देवाला सांगितलंत. मला का नाही?"

काका काठीवर भार देऊन वाटेतच थांबला. मग तीच हळू म्हणाली, "ठाऊक असतं, तर मी भात मागून घेतला असता."

मंडळी, पैशाचा हिशेब त्याचा चोख होता. पण पोर आपल्याच अन्नापुढं परक्यासारखी बसली, ती वर्षं तो कुठून परत आणणार? तुमच्याही घरात असेल कुणी — भावाची लेक, बहिणीचा मुलगा. घरी जा, त्याला जवळ बसवा, आणि त्याचं जे आहे ते त्याला सांगा. देवाला सांगायची गरज नाही. त्याला ठाऊक आहे.